परक्या न्यायालयाचा हुकूमनामा

चारठाण्याच्या जुन्या मंदिरांविषयी विचारायला लोक माझ्याकडे येतात. यंदा श्रावणात गावातले एक गृहस्थ आले ते मुलीचा कागद घेऊन. अमेरिकेतल्या न्यायालयाने जावयाला दिलेला घटस्फोट होता तो. लग्न इथे, हिंदू पद्धतीने झालेले. मुलगी तिकडे कधी गेलीच नव्हती. "शिक्का बसला, म्हणजे संपलं का सगळं?" त्यांनी विचारले.

मी वकील नव्हे. पण निजामी अमलाबद्दल वाचताना हा प्रश्न ओळखीचा झाला आहे. 1948पर्यंत चारठाणा हैदराबाद संस्थानात आणि उत्तरेचे लोणार 1947पर्यंत इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात. सोयरीक, बाजार, उधारी सीमा ओलांडत, हुकूमनामा अडखळे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार, सरकारची अधिसूचना नसेल तर संस्थानी हुकूमनाम्याची दरखास्त इंग्रजी मुलखात थेट चालत नसे. त्या निकालाच्या आधारे नवा दावा लावायचा. तिथे कलम 13 आडवे येई: निकाल देणाऱ्याला अधिकारिता होती का, निवाडा गुणदोषांवर झाला का, फसवणूक तर नाही?

संस्थाने विलीन झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 261ने दिवाणी न्यायालयांचे अंतिम निकाल देशभर अमलात आणण्याची सोय केली. मग जुन्या निकालांचे काय? याचे उत्तर ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांच्या खटल्यात सापडते. त्यांनी 1948मध्ये तिथल्या न्यायालयातून संयुक्त प्रांतातल्या प्रतिवादींवर एकतर्फी हुकूमनामा मिळवला आणि पुढे अलाहाबादेत दरखास्त लावली. 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. प्रतिवादी ग्वाल्हेरचे रहिवासी नव्हते, त्यांनी ते न्यायालय मानलेही नव्हते. निकालाच्या दिवशी ते न्यायालय त्यांना परकेच होते. मागाहून नकाशा बदलला म्हणून त्या कागदात जीव येत नाही. मला हा निवाडा फार आवडतो.

घटस्फोटाबाबत 1991चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निवाडा. तिरुपतीला लग्न, घटस्फोट मात्र मिसुरीतला, तोही संसार सावरण्यापलीकडे मोडल्याच्या कारणावरून. हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. ज्या कायद्याने लग्न, त्याच कायद्याने अधिकारिता आणि कारणही तपासायचे. पत्नीने स्वेच्छेने तिथे जाऊन त्याच कायद्यातल्या कारणावर खटला लढवला किंवा घटस्फोटाला संमती दिली, तर गोष्ट वेगळी. नुसती नोटीस पोचणे पुरत नाही.

त्यांना वकिलाकडे पाठवताना मी विचारले, "मुलीने कशावर सही केलीय?"

"पोस्टमनच्या कागदावर."

"आणखी कशावर?"

"नाही."

"मग आता वकील सांगेपर्यंत कशावरच करू देऊ नका."