आधी पंप बघ, मग कार्बोरेटर

फिनिक्सच्या एका तरुण मित्राने 1975 ची जीएमसी मोटरहोम घेतली आणि उन्हाळ्यात मला डेन्व्हरला फोन केला. "काका, चढावर गाडी बंद पडते. कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवू का?" माझ्याकडेही तीच गाडी, म्हणून असे फोन मलाच येतात. मी विचारलं, "बंद पडते तेव्हा कार्बोरेटरमध्ये पेट्रोल असतं का रे?" ते त्याने बघितलंच नव्हतं.

जनरल मोटर्सने 1973 ते 1978 मध्ये बनवलेलं हे चाकांवरचं घर. 1975 च्या गाडीत ओल्डस्मोबिलचं 7.5 लिटरचं व्ही-8 इंजिन, तेही थेट पुढच्या दोन सीटांच्या मधे, जमिनीतल्या झाकणाखाली. त्यावर रोचेस्टरचा क्वाड्राजेट कार्बोरेटर.

आपल्याकडे 2020 मध्ये बीएस-6 येईपर्यंत बहुतेक मोटारसायकलींना कार्बोरेटरच असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि त्याच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर ओढलं जातं. इंजेक्शनमध्ये तेच पेट्रोल पंपाच्या दाबाने फवारलं जातं. किती फवारायचं हे संगणक ठरवतो, आणि धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्याला चुका दाखवत राहतो.

आता मित्राची गाडी. पेट्रोलच्या टाक्या मागे, पंप पुढे तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. तो लांबून पेट्रोल खेचतो, म्हणजे नळीतला दाब कमी करतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी उशिरा उकळतं, इथे बरोब्बर उलटं होतं. त्यात अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे ते आणखी लवकर वाफाळतं. पंपाला वाफ ढकलता येत नाही, वाटी रिकामी होते, गाडी धक्के खात थांबते. बोरघाटात पद्मिनी मोटारीच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याच दुखण्यावर.

इंजेक्शन बसवलं की हे दुखणं जातं, पण त्याचं श्रेय चुकीच्या माणसाला मिळतं. इंजेक्शनच्या बऱ्याच किटना सुमारे चार बार दाब लागतो, म्हणून टाकीत किंवा टाकीजवळ विजेचा पंप बसवावाच लागतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी टाकतात. पेट्रोल खेचण्याऐवजी ढकललं जातं, फिरत राहून थंडही राहतं. कार्बोरेटर तसाच ठेवून टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवला, तरी बहुतेक वेळा काम होतं.

मग इंजेक्शन फुकाचंच? नाही. आमच्याकडच्या आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11 हजार फुटांवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ. कार्बोरेटरला ते नीट कळत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, इंजिन मरगळतं. संगणक लगेच जुळवून घेतो. विरळ हवेने गेलेली ताकद मात्र तोही परत आणू शकत नाही. हिवाळाभर उभी असलेली गाडी किल्लीसरशी सुरू होणं, हे सुख मात्र खरं.

पेट्रोल वाचेल म्हणून कोणी बसवत असेल, तर हिशेब करावा. ही गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते. वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरलात आणि दहा टक्के वाचलं, तरी सव्वाशे लिटर. तेवढ्यावर किटचे पैसे वसूल व्हायला दशक जाईल.

आणि जुन्या गाडीची एक खोड. धुराची नळी कुठे तडकली असेल, तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते. संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो, आणि नव्या कोऱ्या इंजेक्शनची गाडी काळा धूर सोडते. मग लोक किटच्या नावाने खडे फोडतात.

मित्राला मी क्रम सांगितला. पहिल्यांदा टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदल, इथेनॉल सोसणाऱ्या आणि जास्त दाबाच्याच घे. इंजिन तुझ्या पायांशी आहे, गळती परवडणार नाही. मग टाकीजवळ पंप, पण इंजिन थांबताच पंपही थांबेल असा ऑइल प्रेशरचा स्विच लावून. अपघातात पंप चालू राहिला तर पेट्रोल ओतत बसेल. परतीची नळी आत्ताच टाकून घे. एवढं करून जुलैत फिनिक्सहून फ्लॅगस्टाफचा चढ चढून बघ. त्यानंतरही इंजेक्शन हवंसं वाटलं, तर पंप तेवढा जास्त दाबाचा लागेल. नळ्यांचं काम झालेलंच असेल.

"आणि कार्बोरेटर विकू?" त्याने विचारलं. अजिबात नको म्हटलं. नेवाडाच्या वाळवंटात संगणक गेला तर तो दुरुस्त करणारा मेकॅनिक कुठून आणणार?