काट्याची लढत

ऑगस्ट २०१४. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात ब्राझीलचा लढवय्या रेनान बराओ बाथटबमधून बाहेर पडताना भोवळ येऊन कोसळला आणि त्याचं डोकं आपटलं. दुसऱ्या दिवशी त्याला टी. जे. डिलशॉकडून जागतिक विजेतेपद परत मिळवायचं होतं. पण बराओ वजनकाट्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची रवानगी रुग्णालयात झाली. आयोजकांनी ऐनवेळी जो सोटो नावाच्या लढवय्याला त्याच्या जागी उभं केलं.

बराओ हा काही कच्चा गडी नव्हता. ब्राझीलच्या ईशान्य टोकाला असलेल्या नाताल शहरातला हा मुलगा २००५ मध्ये पहिली लढत हरला आणि त्यानंतर तब्बल नऊ वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही. रिओच्या ‘नोव्हा युनियाओ’ आखाड्यात जुजुत्सू आणि मुष्टियुद्ध असं दोन्ही घोटून तयार झालेला हा गडी यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेच्या ६१ किलो गटात विजेता ठरला. मे २०१४ मध्ये डिलशॉने त्याला पाचव्या फेरीत पाडलं आणि तिथून उतार सुरू झाला. सॅक्रामेंटोचा प्रसंग त्यानंतर तीनच महिन्यांनी घडला. २०१६ मध्ये तो वरच्या गटात जाऊन लढला. २०१७ मध्ये त्याला पुन्हा कॅलिफोर्नियात लढायचं होतं, तेव्हा तिथल्या क्रीडा आयोगाने २०१४ ची आठवण ठेवून त्याला ६१ किलोपर्यंत उतरायला परवानगीच दिली नाही. लढत सुमारे सव्वादोन किलो वरच्या वजनावर खेळवली. पुढे २०१८ मध्ये साओ पावलोत आणि २०१९ मध्ये पुन्हा एकदा त्याचं वजन मर्यादेबाहेर भरलं. लागोपाठ पाच पराभवांनंतर यूएफसीने त्याला मोकळं केलं.

ही घसरण एकट्या वजनामुळे झाली असं म्हणणं घाईचं ठरेल. डोक्यावर बसलेल्या ठोशांचा हिशेबही शरीर ठेवतच असतं. तरीही मिश्र मार्शल आर्ट्समधल्या लढवय्याची कारकीर्द समजून घ्यायची तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी पुरत नाही. प्रत्येक लढतीच्या आदल्या दिवशी तो आणखी एक लढत देत असतो. ती पाण्याशी असते.

हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी घटवायला आठवडे लागतात, पाणी काही तासांत घटतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात आधी मीठ आणि भात-पोळीसारखे पिष्ट पदार्थ बंद होतात. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साखर संपली की तेही जातं. मग पिण्याचं पाणी तोडायचं, गरम पाण्यात बसायचं, वाफ घ्यायची, घाम अडवणारे कपडे घालून पळायचं. काट्यावर उभं राहून आकडा जुळला की चोवीस तासांत जमेल तितकं पाणी परत भरायचं आणि खालच्या गटातल्या हलक्या गड्याला आपल्या खऱ्या वजनाने दाबायचं. डाव म्हणून हुशार आहे. अडचण अशी, की समोरचाही तोच डाव खेळत असतो, त्यामुळे फायदा बहुतेक वेळा दोघांनाही होत नाही.

शरीरात मात्र बरंच काही घडतं. रक्तातला द्रवभाग घटतो, हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके टाकावे लागतात. त्वचेकडे जाणारं रक्त आटलं की घाम कमी येतो आणि आतलं तापमान चढत जातं. साठ किलोच्या माणसाचं तीन किलो पाणी गेलं तरी ही साखळी सुरू झालेली असते, आणि लढवय्ये कित्येकदा त्याच्या दुप्पट घालवतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या महिन्याभरात अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि बाष्पस्नानावर बंदी आली. सप्टेंबर २०१३ मध्ये रिओत लेआंद्रो सूझा हा २६ वर्षांचा ब्राझीलचा लढवय्या वजन द्यायच्या दिवशीच गेला आणि अख्खी स्पर्धा रद्द झाली. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियानबिंग गेला, तेव्हा ‘वन चॅम्पियनशिप’ या आशियाई संघटनेने वजनाबरोबर लघवीचीही तपासणी सुरू केली. लघवीची घनता १.०२५ पेक्षा जास्त, म्हणजे शरीर कोरडं, गडी नापास. या चाचणीकडे पुन्हा यावं लागणार आहे.

मराठी वाचकाला वजनगट नवे नाहीत. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या फ्लायवेट गटात खेळून सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन परतले. शरीर वाढलं तसा गट बदलला, हे आजच्या शरीरशास्त्रालाही पटणारं आहे. खाशाबांचं नुकसान काट्याने केलं नाही, वेळापत्रकाने केलं: जपानच्या शोहाची इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उतरावं लागलं. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, महाराष्ट्राचा भरत खंदारे शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. पहिल्याच फेरीत चीनच्या साँग यादोंगने त्याची मान आवळली आणि लढत संपली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हा रात्रभर घाम गाळणं म्हणजे काय हे घराघरात कळलं.

आता धानोरा. गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती भात, मोह, तेंदू आणि जंगल. इथे पिंजरा नाही, पण काटा आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कबड्डीचे सामने वजनगटावर होतात, आणि सामन्याच्या सकाळी जेवण-पाणी सोडून आकड्यात बसणारा पोरगा कुठल्याही संघात सापडेल. शिवाय पोलीस भरती आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी मुलं या जिल्ह्यात सगळीकडे दिसतात. झेपेल त्यापेक्षा थोडं जास्तच पळायचं, हाच या सरावाचा अलिखित नियम.

बराओच्या गोष्टीत नसलेली एक गोष्ट धानोऱ्याच्या गोष्टीत आहे. ती रक्तात आहे. सिकलसेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं की हा बदल होतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा आजार रेणूचा आहे असं सांगितलं आणि काही वर्षांतच व्हर्नन इंग्रम यांनी ती नेमकी जागा दाखवली. मध्य भारतात हा बदल असल्याचं नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. आई आणि वडील दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर मूल रुग्ण, ‘एसएस पॅटर्न’. एकाकडूनच आलं तर वाहक, ‘एएस पॅटर्न’. हे शब्द विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये आता घरगुती झाले आहेत.

हे जनुक इथे टिकलं कसं? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून उत्तर दिलं: वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून संरक्षण मिळतं. गडचिरोली हा महाराष्ट्रातला सर्वांत मलेरियाग्रस्त जिल्हा आणि धानोरा त्यातल्या मलेरियाच्या तालुक्यांपैकी एक. म्हणजे डासाने शेकडो पिढ्या जी निवड केली, तीच आज भरतीच्या मैदानावर धावते आहे. याच तालुक्यात चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम आहे. १९८६ मध्ये गडचिरोलीत आल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांनी हाती घेतलेल्या कामांत सिकलसेलची पाहणी होती. गावकऱ्यांना मात्र तेव्हा हा आपला मोठा प्रश्न वाटत नव्हता, आणि त्यात नवल काही नाही. ताप आणि बाळंतपणातले मृत्यू डोळ्यांसमोर दिसत होते. जनुक दिसत नव्हतं.

वाहक हा आजारी माणूस नव्हे, हे ठासून सांगायला हवं. त्याच्या लाल पेशींत सुमारे ४० टक्के हिमोग्लोबिन बदललेलं असतं, बाकी नेहमीचं. तो शेती करतो, नाचतो, कबड्डी खेळतो, म्हातारा होतो. बदललेलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखं लांबतं आणि पेशीला विळ्याचा आकार देतं. पण त्याला वेळ लागतो, आणि वाहकाच्या पेशी त्याआधीच फुप्फुसात परत पोहोचून सरळ होतात. हा वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा तो दाटपणाच्या जवळजवळ तिसाव्या घाताने बदलतो असं दिसलं. जीवशास्त्रात इतकं तीव्र नातं क्वचितच सापडतं. दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला, तर हाताशी असलेला वेळ एक चतुर्थांशाच्या आसपास उरतो. आणि पेशी दाट कशाने होते? पाणी गेल्याने.

जिवाच्या आकांताने पळताना चार गोष्टी एकदम होतात: स्नायूंत प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचतं, तापमान चढतं आणि पेशीतलं पाणी घटतं. चारही गोष्टी विळा घडवण्याच्या बाजूने. वर आणखी एक. वाहकांच्या मूत्रपिंडाचा आतला भाग, जिथे प्राणवायू मुळातच कमी आणि क्षार दाट असतात, तिथे वर्षानुवर्षं बारीक इजा होत राहते. त्यामुळे कित्येक वाहकांच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करणं नीट जमत नाही. पाणी प्यायलं नाही तरी ते लघवीवाटे जातच राहतं.

इथे ती १.०२५ ची चाचणी पुन्हा आठवावी. शरीर कोरडं झालं की लघवी दाट होते, या गृहीतावर ती उभी आहे. ज्याची लघवी दाट होतच नाही असा वाहक, कोरडाठाक असूनही, त्या काट्यावर आरामात पास होईल. ब्राझीलमध्ये, जिथे आफ्रिकी वंशामुळे हे जनुक मोठ्या लोकसंख्येत आहे, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. लढवय्यांना वाचवायला केलेला नियम कोणाच्या शरीरावरून बेतला, हे विचारायला हवं.

धोका किती, याचे आकडे अमेरिकी सैन्यातून आले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रशिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय जवानांपैकी वाहकांमध्ये कारण न कळलेल्या आकस्मिक मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे २८ पट दिसलं. आकडा भयंकर वाटतो. प्रत्यक्ष मृत्यू मात्र मोजकेच होते. पुढे सैन्याने उन्हातल्या कवायतीला विश्रांतीचे आणि पाण्याचे नियम लावले. २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला, त्यात वाहकांचा मृत्युदर वाढलेला आढळला नाही. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरण्याचा धोका मात्र ५४ टक्के जास्त होता. जनुक तेच, माणसं त्याच समाजातली. बदलली होती ती शिस्त. हे आकडे गडचिरोलीतल्या गोंड किंवा माडिया तरुणांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पेशीतल्या पाण्याचं गणित मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

रायन क्लार्क या अमेरिकी फुटबॉलपटूचं उदाहरण बोलकं आहे. तो वाहक. २००७ मध्ये समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरला सामना खेळून तो आजारी पडला; प्लीहा आणि पित्ताशय काढावं लागलं. २००९ मध्ये तोच खेळाडू सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. मात्र जानेवारी २०१२ मध्ये डेन्व्हरला बाद फेरीचा सामना आला, तेव्हा प्रशिक्षकाने त्याला बसवलं. खेळ सोडावा लागला नाही, एक मैदान सोडावं लागलं. राइस विद्यापीठातला डेल लॉइड इतका सुदैवी नव्हता. २००६ मध्ये १०० यार्डांच्या सोळा धावा लागोपाठ मारायला लावल्यावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक असल्याचं आधी कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या पालकांच्या लढ्यानंतर २०१० पासून अमेरिकेच्या मोठ्या महाविद्यालयीन संघांत ही तपासणी सुरू झाली.

भारतात १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. ‘एएस’ लिहिलेल्या कागदाचा आजवरचा उपयोग बहुतेक लग्न जुळवताना होत आला आहे. तोच कागद कबड्डीच्या किंवा भरतीच्या प्रशिक्षकाच्याही कामाचा आहे. मुलाला संघाबाहेर काढायला नाही. तसं झालं तर उद्या कुणी कागद दाखवणारच नाही. उपयोग आहे तो सरावाची चढण हळू ठेवायला, पहिल्याच दिवशी घड्याळ लावून १६०० मीटर न पळवायला, दोन धावांमध्ये दम घेऊ द्यायला, तापातून नुकत्या उठलेल्या मुलाला थांबवायला आणि वजनगटासाठी पाणी तोडणं या मुलांपुरतं तरी साफ बंद करायला.

आणि मैदानावरच्या प्रत्येकाने ओळखायला शिकावं असं एक लक्षण. उन्हातल्या नेहमीच्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, मुलगा कळवळून ओरडतो. विळ्याच्या पेशींनी रक्तप्रवाह अडला तर स्नायू हाताला मऊच लागतो. पाय दुखण्यापेक्षा निर्जीव वाटतात आणि मुलगा हळूहळू खाली बसतो. हृदय बंद पडलेला माणूस बोलत नाही, हा मात्र सुरुवातीला बोलतो. त्यामुळे बघणाऱ्यांना तो नाटक करतोय असं वाटतं, आणि ‘ऊठ, अजून एक चक्कर मार’ असा आवाज येतो. नेमकी तीच चक्कर मारू द्यायची नाही. सावलीत घ्यायचं, अंग थंड करायचं, प्राणवायू असेल तर लावायचा आणि १०८ ला फोन करताना ‘एएस पॅटर्न’ आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.