लूत: कुत्र्याचे औषध मांजरीला घालू नका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारणीने दार वाजवले. "सिस्टर, जरा माझ्या मांजरीचे कान बघता का?" निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी इमारतीत मी अजून सिस्टरच आहे. मांजरीच्या कानांच्या कडांवर राखाडी, जाड खपल्या धरल्या होत्या. कपाळावरचे केस गेले होते आणि ती सारखी खाजवत होती. मी म्हटले, "ही लूत आहे." ते बरोबर निघाले.

चूक पुढे झाली. तिच्या कपाटात पूर्वीच्या कुत्र्याच्या औषधाची एक नळी उरली होती. पिसवा आणि गोचिडींसाठी मानेवर टाकायचे थेंब. "हे टाकू का?" तिने विचारले. मी म्हटले, "कुत्रा मोठा, मांजर लहान. अर्धे टाक." संध्याकाळी मांजरीचे कान फडफडू लागले, मग सगळे अंग थरथरू लागले, तिला उभे राहता येईना. शेजारणीच्या मुलाने गाडी काढली. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी वाचली आणि म्हणाले, "यात पर्मेथ्रिन आहे. मांजराला हे विष." मांजर दोन रात्री दवाखान्यात राहिली आणि वाचली. जन्मभर औषधे मोजून दिलेल्या बाईने लेबल न वाचता डोस सांगितला, याची मला अजून लाज वाटते. म्हणून हा लेख.

पर्मेथ्रिन कुत्र्याच्या शरीरात मोडून बाहेर जाते. मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही, म्हणून ते अंगात राहते आणि मज्जातंतूंवर चढते. इथे अर्धा डोस, पाव डोस हा हिशेबच चालत नाही. माणसांच्या खरजेच्या मलमातही बहुधा हेच औषध असते. तेही मांजरीला लावू नये.

आता लूत कशी ओळखायची ते पाहू. लूत म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांनी होणारा कातडीचा रोग. त्याचे मुख्य प्रकार असे:

कुत्र्याची खरूज. किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. खाज भयंकर, रात्री झोप नाही. सुरुवात कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोटापासून होते. कानाची कड बोटांनी चोळली तर पुष्कळदा कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागतो. ही एका कुत्र्याकडून दुसऱ्याला झपाट्याने लागते.

मांजरीची लूत. किडा वेगळा, पण त्याच जातकुळीचा. कानांपासून तोंड, पापण्या आणि मानेकडे पसरते. हीसुद्धा संसर्गजन्य आहे.

पिल्लांची लूत. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ किंवा पुढच्या पायांवर केसांचे चट्टे जातात, पण खाज बहुधा कमी असते. हा किडा निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडा असतोच. प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतो. ही लूत माणसाला लागत नाही.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल आणि जनावर डोके झटकत असेल, तर ते कानातले किडे असू शकतात. गोल चट्टे हे गजकर्णही असू शकते, आणि ते माणसाला लागते. म्हणून नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरजेचा किडा पहिल्या तपासणीत पुष्कळदा सापडत नाही. तरीही लक्षणांवरून डॉक्टर औषध सुरू करतात. त्यात काही चूक नाही.

उपचार आता सोपे झाले आहेत. कुत्र्याला वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर थेंब, मांजरीला मांजरीसाठीचेच थेंब. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला २ ते ३ आठवडे लागतात. त्यामुळे खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेला काळ औषध पूर्ण करा. घरात दुसरी जनावरे असतील तर डॉक्टरांना सांगा. सगळ्यांना एकदमच औषध द्यावे लागते. अंथरूण ६० अंश गरम पाण्यात धुवा.

आमच्या कोकणात लूत भरलेल्या कुत्र्याला रॉकेल नाही तर करंजेल चोळत. रॉकेलने कातडी भाजते, आणि जनावर अंग चाटते तेव्हा ते पोटात जाते. गाडीचे जळके तेलही तसेच. गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुणी सुचवले तर नको म्हणा. कोली जातीच्या काही कुत्र्यांचा त्याने जीव जाऊ शकतो.

आता आपल्याविषयी. खरूज झालेल्या कुत्र्याला किंवा लूत झालेल्या मांजरीला मांडीवर घेतले तर आपल्या हातांवर, कमरेवर, पोटावर लाल, खाजरे पुरळ उठू शकते. जनावराचा किडा आपल्या अंगावर फार काळ टिकत नाही. जनावर बरे झाले की काही आठवड्यांत पुरळ जाते. पण बोटांच्या बेचक्यांत खाज येत असेल, रात्री वाढत असेल आणि घरातली इतर माणसेही खाजवत असतील, तर ती माणसांची खरूज असू शकते. कुपात खोलीममध्ये आपल्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी उशीर करू नये, कारण खाजवून झालेली जखम चिघळते.

चुकून मांजरीच्या अंगावर कुत्र्याचे औषध पडले, तर थांबून वाट बघू नका. ती शांत असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि औषधाच्या नळीसकट दवाखान्यात न्या. थरथर किंवा झटके सुरू झाले असतील तर आंघोळीत वेळ न घालवता सरळ निघा. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला थेंब घातल्यावर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवा.

रस्त्यावरच्या मांजरांना आपल्यापैकी पुष्कळ जण खाऊ घालतात, मीही घालते. लूत भरलेले मांजर दिसले तर हाताने पकडू नका. नगरपालिकेला १०६ वर फोन करून पशुवैद्यांना कळवा.

नळीवरची हिब्रू अक्षरे फार बारीक असतात. मला चष्मा लावूनही दिसत नाहीत. आता मी नातीला हाक मारते आणि आधी एवढेच विचारते: "बघ गं, यावर मांजराचे चित्र आहे की कुत्र्याचे? आणि पर्मेथ्रिन लिहिले आहे का?" तुम्हीही विचारा. यात कमीपणा नाही.