साडेपाच फुटांचा खण

पुण्याच्या पेठांत वाडा उतरवायला घेतला की आधी कौलं निघतात, मग लाकूड, आणि माती-विटांचा नंबर सगळ्यात शेवटी. पैसा लाकडात असतो. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, राडारोड्याला मात्र उचलायचे पैसे मोजावे लागतात. सदाशिव पेठेतल्या अशाच एका वाड्यात, कौलं निघायच्या आधी, तिशीच्या आतली एक इंटिरिअर डिझायनर टेप, ओळंबा आणि पाठीला पुठ्ठा लावलेले कागद घेऊन मापं घेत होती. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळणार नव्हते. हातात तीन फ्लॅटची कामं पडून असताना माणूस हे का करतो, हे बघायला जावंसं वाटलं ते त्यामुळेच.

तिच्या धंद्यात प्रेरणा हल्ली फोनमध्ये राहते. गिऱ्हाईक येतं तेच चाळीस-पन्नास फोटो घेऊन. कुठल्या तरी देशातलं स्वयंपाकघर, कुठल्या तरी हॉटेलातली न्हाणी, आणि खाली प्रश्न एकच, असं किती रुपयांत होईल? तिच्या कचेरीतल्या भिंतीवर मात्र फोटो नाहीत. पेन्सिलीनं काढलेले नकाशे आहेत आणि त्यावर आकडेच आकडे. देवळीची उंची, उंबऱ्याची जाडी, जिन्याच्या पायरीचा उठाव. “फोटोत घर कसं दिसतं ते कळतं,” ती म्हणते, “कुठं बसायचं ते नाही कळत.”

मापं घेण्याचं काम बघायला रटाळ आहे. खोलीच्या चार बाजू मोजायच्या आणि मग दोन्ही कर्ण. कर्ण नसले तर कागदावर खोली उभीच राहत नाही, कारण जुन्या वाड्यात काटकोन शोधून सापडत नाही. चौकात ऊन आलं की लेझरचा लाल ठिपका दिसेनासा होतो, मग पुन्हा टेप. खांबाचं कोरीवकाम मोजत बसण्यापेक्षा ती त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासते, आणि सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा घाट कागदावर उतरतो. हा घाट पुण्याला नवा नाही. दुसऱ्या बाजीरावानं 1807 च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाला असेच सुरूदार खांब आहेत, आणि तो रस्त्यावरून कुणालाही फुकट बघता येतो.

टेपचं दुसरं टोक धरायला होता लाकूड उतरवायला आलेला मिस्त्री. साठीकडे झुकलेला, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, “मॅडम, एवढं मोजू नका. खण साडेपाच फुटांचा. बाकी घर त्याच्या हिशोबानं.”

दोन खांबांमधल्या गाळ्याला खण म्हणायचं आणि घराची मोजदाद खणांत करायची, ही जुनी रीत. सोपा पाच खणांचा, माजघर तीन खणांचं. मिस्त्रीला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिनं तरीही मोजलं. एक खण पाच फूट तीन इंच भरला, दुसरा पाच फूट सात, तिसरा पाच फूट चार. तिनं कागद पुढं केला. मिस्त्रीनं तो नीट पाहिला आणि परत दिला. “लाकूड जसं मिळालं तसं लावलं त्यांनी. खण साडेपाच फुटांचाच.”

यात मिस्त्रीचं बरोबर होतं की टेपचं, हे ती अजून ठरवते आहे. पण त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात साडेपाच फुटांची एक रेघ आखलेली असते.

वरच्या मजल्यावरची एक तुळई सोडवायची होती. मिस्त्रीनं जोडावरची धूळ फुंकली, लाकडी मेखेवर दुसरा लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके दिले. मेख दुसऱ्या बाजूनं बोटभर बाहेर आली. तुळईचं कुसू खाचेतून सरकलं. जोडात खिळा एकही नव्हता. मग तुळईचं किडलेलं टोक त्यानं करवतीनं कापलं आणि खोलीभर सागाचा वास पसरला, तेलकट, किंचित कडवट, कातडी वस्तूंच्या दुकानातल्यासारखा. वरून काळं पडलेलं लाकूड आत मधाच्या रंगाचं निघालं. डिझायनरनं खाली वाकून भुस्सा चिमटीत घेतला. एवढा वेळ आकड्यांत बोलणारी ती मुलगी मग बराच वेळ काही बोललीच नाही.

वाडे पडतात याबद्दल हळहळणारे पुष्कळ, पण ती हळहळ बहुधा दाराबाहेरून केलेली असते. 1961 च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात नेले. उरलेल्यांना भाडे नियंत्रणानं सावकाश पोखरलं. भाडी जुन्या आकड्यांवर गोठलेली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू ती का करील? आत राहणाऱ्यांना सामाईक संडास, गळकी कौलं आणि भिंतीच्या जाडीतला अंधारा जिना सोसावा लागत होता. नव्या इमारतीत लिफ्ट हवी, असं त्यांना वाटलं तर दोष कसा द्यायचा? डिझायनरही तो देत नाही.

तिचे आदर्श कोण, असं विचारलं की नावं येतात, पण प्रत्येक नावामागून एखादं मापही येतं. बाळकृष्ण दोशी 1927 साली पुण्यातच जन्मले, फर्निचरच्या व्यवसायातल्या एकत्र कुटुंबात. 2018 साली वास्तुकलेचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पुरं घर दिलंच नाही. जोतं, नळ-संडास आणि सुरुवातीपुरता निवारा दिला, पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. वाडाही असाच खणाखणानं वाढत असे, असं तिला वाटतं. चार्ल्स कोरियांनी रचलेल्या आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेत ती विद्यार्थी असताना गेली होती. तिथल्या भिंतींत काळ्या दगडाचेच थर आहेत, खाली खडबडीत बेसाल्ट, वर कडप्पा, त्यावर आभाळ दिसेल इतका घोटलेला ग्रॅनाइट. एकाच रंगात एवढं करता येतं, हे तिनं तिथं पाहिलं. तेव्हापासून गिऱ्हाईकानं ‘ॲक्सेंट वॉल’ म्हटलं की तिच्या कपाळावर आठी उमटते.

लॉरी बेकर यांच्याबद्दल ती जरा जास्तच बोलते. जन्मानं इंग्रज असलेले बेकर पुढे त्रिवेंद्रमचे झाले. ते विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवत. त्यात साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत तापतही कमी. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार ते आवर्जून सांगत. “सदाशिव पेठेपासून पाच मैलांत काय मिळतं?” ती विचारते. “पाडलेला वाडा मिळतो.”

वाक्य चटपटीत आहे, पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे गेलं की त्याची दुसरी बाजू दिसते. कोरीव खांब, चौकटी, पितळी कड्यांची दारं शेवटी कुणाच्या घरी जातात? बऱ्याचदा हॉटेलांत, फॉल्स सीलिंगखाली, पिवळ्या दिव्यांच्या उजेडात. वर काहीच पेलायचं नसलेला खांब शोभेचा खांब होतो, आणि तसा तो ओळखूही येतो. मिस्त्रीला विचारलं तर तो खांदे उडवतो. जळणात गेलं नाही एवढंच त्याला पुरे. डिझायनर श्रीलंकेच्या जेफ्री बावांचा दाखला देते. त्यांनी कोलंबोतल्या स्वतःच्या घरात तमिळनाडूच्या चेट्टीनाडमधले जुने खांब आणून बसवले होते. बावा आधी वकील होते, अडतिसाव्या वर्षी आर्किटेक्ट झाले, हेही ती सांगते. बहुधा स्वतःला धीर द्यायला. पण बावांनी खांबांभोवती घर रचलं होतं. इथं बऱ्याचदा तयार फ्लॅटमध्ये खांब आणून उभा केला जातो. हा फरक तिलाही ठाऊक आहे, त्यामुळे स्वतःच्या कामात जुना खांब तिनं अजून एकदाही वापरलेला नाही.

वापरली ती एक उंची. वाड्यातल्या माडीच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून चौदा इंचांवर होता, म्हणजे चटईवर बसलेल्या माणसालाही रस्ता दिसेल असा. फ्लॅटमध्ये खिडकी तीन फुटांवर सुरू होते, आणि मांडी घालून बसलेल्याची नजर अडीच फुटांच्या आसपास असते. त्याला दिसते ती भिंत. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये खिडकी खाली आणणं शक्य नव्हतं. मग तिनं माणूस वर उचलला. खिडकीला लागून अठरा इंच उंचीची लाकडी बैठक केली, अकरा फूट लांब, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली गाद्या-रजया ठेवायला कप्पे. लहान मूल बैठकीवर उभं राहिलं तर कठडा तोकडा पडतो, म्हणून गजांची जाळी बसवावी लागली. ती तिला आवडलेली नाही, पण काढता येणार नाही.

बैठकीचं काम त्याच मिस्त्रीनं केलं. लाकूड नवं होतं, वाड्याचं नव्हे, कारण जुनं परवडण्यासारखं नव्हतं. मालकांना अकरा फूट लांबी उगीचच जास्त वाटत होती, नऊ फुटांत भागलं असतं, खर्चही वाचला असता. ती समजावू लागली तसं मिस्त्रीनं पट्टी उचलून मधोमध खूण केली आणि मालकांना सांगितलं, “दोन खण आहेत साहेब. नवात कसे बसतील?”

मालकांनी अकराचे पैसे दिले.