इस्त्री जुनी, अक्कल नवी!

कोयनानगरचा पाऊस पाहिलाय कधी? वर्षाला जवळजवळ ५००० मिलिमीटर! एकदा सुरू झाला की गणपती येईपर्यंत ऊन कसं ते दिसत नाही. माझं लहानपण तिथंच गेलं. शाळेचा गणवेश दोन-दोन दिवस दोरीवर लोंबायचा, तरी दमटच. मग चुलीजवळ धरून वाळवायचा आणि दिवसभर धुराचा वास घेऊन वर्गात बसायचं!

शेवटी आई म्हणाली, "आता एक इस्त्री आणाच." नवी काही परवडत नव्हती. म्हणून बाबा आणि मी एसटीनं पन्नासेक किलोमीटरवरच्या कराडला गेलो. तिथल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात पंखे, मिक्सर, रेडिओ यांची नुसती रास पडली होती. त्यात एक इस्त्री अगदी आरशासारखी चकाकत होती. दुकानदारांनी लावून दाखवली. तापली की! बाबांनी घासाघीस करून नव्याच्या निम्म्या किमतीत घेतली.

"पावती?"

"जुन्या मालाची कसली पावती हो!" दुकानदार हसले. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून इस्त्री करायला लागली. कडेच्या धातूला बोट लागलं मात्र, "आई गं!" म्हणून तिनं हात झटकला. नशीब, हात सुटला!

शेजारचे वायरमन काका धावत आले. आधी बटण बंद, मग पिन बाहेर. चकचकीत इस्त्रीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वायर हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, इस्त्रीचा चेहरा नाही, शेपूट बघायचं असतं!"

शेपटाला दोनच पिना होत्या. वायरीत मात्र तारा तीन. तिसरी, हिरवी तार कापून चिकटपट्टीखाली दडवलेली!

ही तिसरी तार म्हणजे अर्थिंग. ती इस्त्रीच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. आतली एखादी तार सुटून त्या अंगाला टेकली, तर वीज या तारेतून सरळ जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. तारच नसेल तर? मग वीज वाट बघत बसते. कुणी हात लावला की त्याच्या शरीरातून जमिनीकडे निघते. पाय ओले असले की तिचं काम आणखी सोपं! म्हणूनच तीन पिनांतली ही पिन सगळ्यांत लांब आणि जाड असते. ती सगळ्यांच्या आधी जोडली जाते आणि सगळ्यांच्या नंतर सुटते.

काकांनी आतली तार दुरुस्त केली, नवी वायर बसवली. बाबांनी हिशेब मांडला, तर सगळं मिळून जवळजवळ नव्या इस्त्रीइतकेच पैसे झाले होते!

म्हणून जुनी वस्तू घेऊच नये का? अवश्य घ्यावी! चालणारी वस्तू कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या घरी गेलेली बरी. फक्त एवढं पाहा :

• वायर तडकलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली नको. धातूच्या अंगाच्या वस्तूला तीन पिना हव्यातच. एकात एक दोन चौकोनांची खूण असेल, तर त्या वस्तूला दुहेरी आवरण असतं. तिला दोन पिना चालतात.

• आयएसआय खूण शोधा. त्या खुणेसोबत एक क्रमांकही असतो.

• इस्त्री नुसती तापून उपयोग नाही, ठरावीक उष्णतेला आपोआप बंदही व्हायला हवी. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. दुकानातच पाच मिनिटं थांबून हे पाहा.

• घरी आणल्यावर वापरण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः उघडू नका.

• आणि पावती मागायला लाजू नका!

गंमत सांगू? कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे ७५० वॉटच्या २६ लाख इस्त्र्या एकाच वेळी तापतील एवढी! त्या विजेच्या गावात राहून आम्ही एक हिरवी तार बघायला विसरलो.

तुम्ही विसरू नका. आजच आईबाबांना सोबत घ्या, बटण बंद करा आणि आपल्या इस्त्रीचं शेपूट बघा. किती पिना आहेत?