बायांचा संसार, हिंगण्याचा पाया

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि मग माहेरी राबणं, एवढंच तोवरचं आयुष्य. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला आणलं, म्हणून पाटी हातात आली. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, पुण्यात तिचा पुनर्विवाह झाला. नवरा म्हणजे नरहरपंतांचे स्नेही, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे विधुर प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. लग्नात नाव ठेवलं आनंदी. पण घरच्यांच्या आणि आश्रमाच्या तोंडी त्या झाल्या बाया.

पुढे कर्व्यांना जग महर्षी म्हणू लागलं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. बायांची ओळख मात्र एका ओळीत आटोपते: महर्षींची सहधर्मचारिणी. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ने बयोच्या रूपात त्यांना घराघरांत पोचवलं, हे त्या नाटकाचे उपकारच आहेत. पण त्या शीर्षकातली सावलीही त्यांना कायमची चिकटली, आणि ते मला मान्य नाही. हिंगण्याच्या संस्थेच्या पहिल्या देणगीदारांची यादी नव्याने करायची ठरली, तर तिच्यात बायांचं नाव अगदी वर यायला हवं. त्यांनी दिलं ते पैशात नव्हतं, म्हणून कोणत्याही हिशेबाच्या वहीत ते चढलं नाही.

लग्नानंतरची पहिली मोठी परीक्षा कोकणात झाली. कर्वे बायकोला घेऊन आपल्या गावी, मुरुडला गेले. गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे घरी उतरले तर त्यांच्या आईला आणि भावालाही वाळीत टाकायचं, इथपर्यंत मजल गेली. पोटचा मुलगा गावात असून आईला त्याला घरात घेता येईना. कर्व्यांच्या चरित्रात हा प्रसंग सुधारकाच्या छळाचा म्हणून येतो. नव्या सुनेच्या बाजूने तो पाहिला, तर ज्या घरची लक्ष्मी म्हणून जायचं, त्याच घराचा उंबरा आपल्या पायगुणाने बंद झाला, असं गावाने तिला तोंडावर सांगितलं. बोलण्याचा सगळा भार अशा वेळी बाईवरच येतो, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

१८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाचा पगार सुरुवातीला महिना ७५ रुपये. घरात मुलं, येणाजाणारी माणसं, आणि कर्वे आश्रयाला आणत त्या बायाबापड्या. त्यातून उरलेली शिल्लक आश्रमाला जाई. पुढे कर्व्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. त्या वेळी बाया रडल्या, आणि हे पुष्कळ लेखकांनी काहीशा क्षमाशील सुरात नोंदवलं आहे, जणू थोर माणसाच्या बायकोला त्याग उमगला नाही. मला तर त्या रडण्यात व्यवहाराची पुरती जाण दिसते. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला विम्याचा अर्थ सभेतल्या कुठल्याही वक्त्यापेक्षा जास्त कळत होता. उद्या पुन्हा तीच पाळी आली, तर पदरात मुलं असतील आणि जवळ काही नसेल, हे तिने अनुभवाने ओळखलं होतं.

बाया मग रडत बसल्या नाहीत. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकल्या. त्या काळात पांढरपेशा घरातल्या बाईने घरापासून इतकं दूर राहून बाळंतपणाचं शिक्षण घेणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. सोवळ्याओवळ्याच्या घरात सुईण हवी असे, तिचा विटाळ मात्र नको असे. बायांना आपल्या पायावर उभं राहायचं होतं. शिवाय या शिक्षणाने अडलेल्या बायांच्या उपयोगी पडता येत होतं.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट आश्रमाचीच आहे. विधवांना शिकवायचं, पण पुनर्विवाहाची चळवळ आश्रमात आणायची नाही, हे कर्व्यांचं धोरण होतं. त्यामागे कारणही सबळ होतं. १८९३ साली धर्मांतराच्या वादात पुष्कळ पालकांनी शारदा सदनातून मुली काढून घेतल्या होत्या, आणि पुण्याचा विश्वास पुन्हा डळमळू द्यायचा नव्हता. त्यामुळे पुनर्विवाहित बाईचा आश्रमातला वावर अडचणीचा ठरला आणि खुद्द बायांनाच तिथल्या कामापासून लांब राहावं लागलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला, पार्वतीबाई आठवल्यांना, हा अडसर नव्हता. त्या विधवा होत्या, आश्रमात राबल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. सख्ख्या बहिणी, कामाची हौस सारखीच. एकीला दार उघडं आणि दुसरीला बंद. कर्व्यांचं धोरण त्या काळी व्यवहार्य होतं, असं मी म्हणेन. पण त्याची किंमत बायांकडून वसूल झाली, हेही तितकंच खरं.

प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलला आणि १९०० साली रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर पहिली झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटलं की कर्वे सामानसुमान घेऊन चिखल तुडवत चार मैल चालत तिथे जात आणि सकाळी पुन्हा शहरात येत. ही पायपीट शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनी वाचली आहे. त्या रात्री पुण्यातल्या घरात मुलांना जेवू घालून निजवणारी, दुखलंखुपलं बघणारी बाई पुस्तकात आली नाही. शंकर डॉक्टर होऊन केनियात गेले, दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. त्याच घरात इरावतीबाई सून म्हणून आल्या. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका म्हणजे बायांच्या नाती. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे हे नातू.

इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ या लेखात सभेतली ओळख करून देताना बाईला अमक्याची सून, तमक्याची बायको म्हणतात, त्याचं मार्मिक वर्णन आहे. बायांच्या वाट्याला तर आयुष्यभर तेच आलं. पण ऐंशीच्या घरात असताना त्यांनी स्वतःचं बोलणं छापलं. १९४४ साली ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झालं. ते वाचकांपुढे आणण्याचं श्रेय धाकट्या सुनेला, कावेरीबाईंना. शारदा सदनात उशिरा अक्षरं गिरवलेल्या बाईचं हे पुस्तक. सुधारणेच्या इतिहासात न सापडणारी गोष्ट त्यात आहे, ती म्हणजे घर कसं चाललं.

१९५० साली बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार झाला होता. कर्वे त्यानंतर बारा वर्षं जगले.

दिवाळीत घर भरलेलं असतं आणि आजीभोवती नातवंडं असतात. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमची आजी हयात असेल, तर फोनवर तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. घरात शिकायला कोण कोण राहून गेलं, पंगतीला रोज किती पानं असत, स्वतःच्या हाती पैसा पहिल्यांदा कधी आला, कुणाचं बाळंतपण केलं, कुणासाठी कुणाशी वैर घेतलं, हे तिला विचारा. आजोबांविषयी नंतर विचारलंत तरी चालेल.