बादली, टँकर आणि अख्खी विहीर

संगणक रखडला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. डिस्कच्या रकान्यात डोक्यावर लिहिलेलं असतं 100 टक्के. आपल्याला वाटतं, बिचारी जिवाच्या आकांतानं धावतेय. जरा थांबा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन रीडचा वेग बघा. जुन्या हार्ड डिस्कवर तिथे सेकंदाला जेमतेम 0.3 एमबी दिसू शकतं. 100 टक्के राबून एवढंच?

एवढंच. कारण ते 100 टक्के म्हणजे किती काम झालं याचा हिशेब नव्हे, डिस्क किती वेळ गुंतलेली होती याचा. साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते, असं म्हणण्यासारखं आहे ते.

आता आकडेमोड करू, मजा येते. साध्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे 4 मिलिसेकंद आणि वर थोडं. त्याआधी हेड योग्य रेषेवर सरकायला आठ-साडेआठ मिलिसेकंद. बेरीज साडेबारा मिलिसेकंद. एका सेकंदात अशा किती खेपा? फक्त 80! विखुरलेल्या फायलींमधून दर खेपेला 4 केबीचा तुकडा उचलला, तर सेकंदाला 320 केबी. पण तीच डिस्क एकच मोठी फाइल सलग वाचायला लागली की सेकंदाला 200 एमबी सहज देते. सहाशे पट! आणि टास्क मॅनेजर दोन्ही वेळा म्हणणार, 100 टक्के.

हे आकडे पाण्यात मोजू. एक बाइट म्हणजे एक थेंब, आणि एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब. विखुरलेल्या फायली वाचणारी हार्ड डिस्क सेकंदाला 16 लिटर देते, एक बादली. सलग वाचणारी 10,000 लिटर देते. उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर, दर सेकंदाला एक! आता चांगली एनव्हीएमई एसएसडी घ्या, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क, सेकंदाला 7,000 एमबीवाली. साडेतीन लाख लिटर! वीस फूट रुंद विहीर, तिच्यात चाळीस फूट पाणी, आणि ती तळापर्यंत उपसायला एक सेकंद. मोटर नको, पाळी नको, वीज कधी येणार याची चौकशी नको. पुढच्या सेकंदाला दुसरी विहीर. मिनिटाला साठ.

विखुरलेल्या कामात तर फरक आणखी वेडावणारा आहे. पुष्कळ मागण्या एकदम दिल्या तर अशा एसएसडीसाठी उत्पादक सेकंदाला 10 लाख खेपांचा आकडा छापतात. घरच्या संगणकावर त्यातला लहानसाच हिस्सा वापरला जातो हे खरं, पण क्षणभर छापील आकडाच धरू. एसएसडीनं एका सेकंदात उरकलेलं हे काम 80 खेपांवाल्या हार्ड डिस्कला दिलं तर किती वेळ? 12,500 सेकंद, जवळजवळ साडेतीन तास. एसएसडीचं काम संपलं त्या क्षणी डेक्कन क्वीन सीएसएमटीहून सुटली असं समजा. खंडाळा मागे पडलं, शिवाजीनगर गेलं, पुणे आलं, प्रवासी उतरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालू लागले, तरी हार्ड डिस्क आपली मोजतेच आहे!

बरं, या म्हाताऱ्या हार्ड डिस्कला हसण्याआधी तिची आजी पाहा. 1956 साली आयबीएमनं रॅमॅक बाजारात आणला. दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, टनाच्या आसपास वजन, दीड मीटर लांबीचं कपाट. त्यात मावायचं काय? ढोबळ हिशेबानं फार तर 5 एमबी, मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. एक नोंद शोधायला 600 मिलिसेकंद. या यंत्रणेचं महिन्याचं भाडं 3,200 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या 4 रुपये 76 पैशांच्या दरानं 15,000 रुपयांच्या वर. सोनं तेव्हा शंभर रुपये तोळ्याच्या आतबाहेर होतं. एक फोटो महिनाभर ठेवायला दीडशे तोळे!

आज 20 टीबीची एक हार्ड डिस्क तळहातावर मावते. तेवढी जागा हवी असती तर 40 लाख रॅमॅक लागले असते. कपाटं टोकाला टोक लावून मांडली तर 6,000 किलोमीटर. मुंबई ते पुणे रेल्वेरुळांच्या कडेनं एक नाही, दोन नाही, 31 रांगा! आणि भाडं? महिन्याला 6,000 कोटी रुपये, तेही 1956 चे. त्याच वर्षी सुरू झालेल्या आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा सरकारी खर्च ठरला होता 4,800 कोटी. धरणं, पोलाद कारखाने, रेल्वे, शाळा, सगळं धरून, पाच वर्षांसाठी. भारत सरकारनं तो सगळा पैसा या एका डिस्कसाठी दिला असता तरी पहिला महिनासुद्धा पुरा झाला नसता.

पण खरी गंमत डिस्कच्या पोटात आहे. साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी 95 मिलिमीटरची असते. तिच्यावर हेड तरंगतं, मधलं अंतर साधारण तीन नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून तबकडी वीस लाख पट मोठी करू. आता तिची रुंदी 190 किलोमीटर झाली. एक काठ मुंबईला, दुसरा पुण्याच्याही बराच पुढे. बोरघाट रोडरोलर फिरवून सपाट केलाय असं समजा. आपलं हेड आता दीड किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि ते जमिनीपासून किती उंचावर तरंगतंय? सहा मिलिमीटर! भाताचं एक शीत मावेल एवढ्या फटीत.

आणि खालची जमीन स्थिर नाही बरं का. काठाचा घेर सुमारे 600 किलोमीटर, सेकंदाला 120 फेऱ्या, म्हणजे सेकंदाला 72,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाचा जवळजवळ चौथा हिस्सा! आजच्या डिस्कवर एका इंचात चार-पाच लाख रेषा आखलेल्या असतात. आपल्या मोठ्या केलेल्या तबकडीवर एका रेषेची रुंदी भरते अर्धी वीत. दीड किलोमीटरचं धूड शिताएवढ्या फटीत तरंगत, खालून प्रकाशाच्या पाव वेगानं पळणाऱ्या जमिनीवरची अर्ध्या वितीची रेषा सोडत नाही. हे चाललेलं असतं आपल्या टेबलाखाली, धुळीनं माखलेल्या डब्यात, आणि आपण म्हणतो पीसी स्लो आहे!

एवढ्या नाजूक कसरतीवर नुसतं ओरडलं तर? हे करून पाहिलेलं आहे. ब्रेंडन ग्रेग हा सन मायक्रोसिस्टिम्समधला अभियंता, डिस्क आणि संगणकांची कामगिरी मोजण्यात मुरलेला. 2008 साली तो डिस्कांच्या मांडणीपुढे उभा राहिला, तोंड अगदी जवळ नेलं आणि जिवाच्या करारानं ओरडला. पडद्यावर डिस्कांना उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा आलेख चालू होता. ओरडण्याच्या नेमक्या क्षणी त्यात टोकं उभी राहिली. आवाजानं डिस्का हादरल्या, कामं खोळंबली, आणि मोजमापानं ते लगेच पकडलं. त्याचा व्हिडिओ अजून लोक पाहतात, आणि पाहावाच.

हेड रेषेवरून जरासं ढळलं की काय होतं? हवी ती जागा निघून जाते आणि पुन्हा खाली येईपर्यंत एक अख्खी फेरी थांबावं लागतं. आपल्या मोठ्या केलेल्या तबकडीवर 600 किलोमीटरचा वळसा, घड्याळात 8.33 मिलिसेकंद. तिकडे तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात अडीच कोटी ठोके मोजून बसलेला असतो. आणि माणसाचं ओरडणं काही 8 मिलिसेकंदांत आटोपत नाही. दमदार आरोळी दोन सेकंद तरी चालते. तेवढ्यात तबकडीच्या 240 फेऱ्या होतात, प्रोसेसरचे 600 कोटी ठोके पडतात. आणि तिकडे एनव्हीएमईनं दोन विहिरी उपसलेल्या असतात, कुणी कितीही ओरडो, कारण तिच्यात हलायला काही नाहीच.